बाणाने दाखवलेलं घर

थोर लेखकाचं घर हे समाजाचं ऊर्जास्थान असतं. फक्त ते सापडावं लागतं. या लेखकाचं जतन केलेलं घर दाखवणारी कोपऱ्यावरची पाटी एका ट्रकचा धक्का लागून फिरली आणि तिचा बाण समोर राहणाऱ्या निवृत्त मोजणीदारांच्या दाराकडे वळला.

पहिलं जोडपं बेल न वाजवताच आत शिरलं, तेव्हा मोजणीदार बटाटे सोलत होते. लेखकाचं घर समोर आहे, हे ते सांगणारच होते. पण बायको गेल्यापासून त्यांच्याकडे मीटर बघणाऱ्याखेरीज कोणी फिरकलं नव्हतं, आणि तोही बाहेरूनच जायचा. त्यांनी चहा ठेवला.

"ही त्यांची खुर्ची का हो?" बाईंनी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे बघत विचारलं.

"तिची," मोजणीदार म्हणाले. "दिवसभर इथेच. रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारून आत बोलवायची. माणसांची भारी हौस."

लेखकाच्या पत्नीबद्दल कुठेच काही छापून आलेलं नाही, अशी हळहळ करत जोडपं गेलं आणि त्यांनी खुर्चीची गोष्ट चार लोकांना सांगितली. माणसं वाढत गेली. मोजणीदार रोज दाढी करू लागले. लेखकाविषयी ते एक अक्षरही खोटं बोलले नाहीत, कारण लेखकाविषयी कोणी विचारलंच नाही. जो तो खुर्ची बघायला यायचा.

मग एक दिवस समोरच्या घराचा राखणदार दारात येऊन उभा राहिला.

"काका, पाटी सरळ केलीय मी. पण आता लोक आमच्याकडे येतात, खुर्ची कुठंय विचारतात आणि तोंड वाकडं करून जातात. आमच्याकडे नुसतं टेबल. असंच चाललं तर वरचे लोक कुलूप लावतील."

"मग?"

"खुर्ची द्या."

मोजणीदारांनी रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, मग खुर्चीच्या उसवलेल्या वेताकडे.

"तिकडे गर्दी होईल?"

"ही आली तर होईल."

"घेऊन जा. एक पाय डुगडुगतो, सांभाळून. आणि खिडकीशीच ठेव."

आता खुर्चीभोवती दोरी आहे आणि तिच्यावर 'कृपया बसू नये' अशी पाटी. मोजणीदार रोज तिकीट काढून जातात आणि दोरीबाहेर उभे राहतात. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतात. माहिती सांगायचं काम माझं आहे, असं राखणदार त्यांना अधूनमधून बजावतो.

सोमवारी ते घर बंद असतं.