न्हाणीघराचा पाटकरी

सूर्यभानतात्यांनी श्रीरामपुरातल्या आपल्या नव्या घरावर पाटी लावली: 'खोल्या भाड्याने मिळतील. न्हाणीघर आहे.' पाटीतला शब्द न् शब्द खरा होता. न्हाणीघर होते. सिमेंटचे, आत पाण्याची टाकी, वर पत्रा आणि दाराला भलेमोठे कुलूप. त्या कुलपाची किल्ली तात्यांच्या करगोट्याला असते, एवढे मात्र पाटीवर लिहायचे राहून गेले होते.

तात्या एकाहत्तर साली पाटकरी म्हणून रिटायर झाले. पाटाचे पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचे, यातच त्यांची हयात गेली. शेतकरी बांधावर हात जोडून उभे राहत, घरी केळी-शेंगा पोचत्या करत, आणि तात्या सगळ्यांना एकच उत्तर देत, "पानी वाटंत हाय." रिटायर झाल्यावर हात जोडणारे नाहीसे झाले. केळी विकत आणायची वेळ आली. अशा वेळी भलाभला माणूस खचतो. तात्या खचले नाहीत. त्यांनी तीन भाडेकरू ठेवले.

पहिल्याच दिवशी त्यांनी तिघांना अंगणात उभे केले. न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत बाजारातला हमाल भिमाजी, मधल्या खोलीत बालवाडीच्या मालनबाई आणि पार टोकाच्या खोलीत एस्टीचा कंडक्टर कानिफनाथ.

"आंघूळ पाळीनं मिळंल," तात्या म्हणाले. "आदल्या दिशी अर्ज करायचा. आन् पाटाचा कायदा हाय, टेलला पानी आधी. टेल म्हंजे शेवटचं टोक. तवा टोकाच्या खोलीला पयलं पानी."

"आन् मी?" भिमाजी म्हणाला. "माझ्या भितीला तर टाकी लागलीया."

"म्हनून तर तू शेवट."

"आन् रविवारी?" मालनबाईंनी विचारले.

"रविवारी पाट बंद. दुरुस्ती असती."

रविवारी तात्या स्वतः अंगाला तेल चोपडून दुपारपर्यंत न्हात असत. दुरुस्ती ती हीच.

कानिफनाथ मनातून खूश झाला. ही खोली त्याने घेतली होतीच मुळी पाटीवरच्या दुसऱ्या वाक्यासाठी. त्याची आधीची स्थळे मोडली ती, "पोरीनं न्हायचं कुठं?" या प्रश्नावर. जुन्या खोलीमागे न्हायला एक दगड होता आणि त्या दगडावर शेजारची म्हैस बसायची. आता पाटाच्या टोकाला असलेल्या गावातल्या आबासाहेबांची मुलगी सांगून आली होती. कानिफनाथने तिला एकदा गाडीत पाहिले होते आणि तिला तिकीट द्यायचेच तो विसरला होता. हे स्थळ मोडले तर आपण जन्मभर कंडक्टरच राहणार, नवरा काही होणार नाही, असे त्याला मनापासून वाटत होते.

पण चार दिवसांत भिमाजीने बाजारातून केळ्यांचा घड आणला. तात्यांनी तो हुंगला, जुनी मोजणीची साखळी काढली आणि भिमाजीच्या खोलीचे अंतर नव्याने मोजले. समोरून नव्हे, मागच्या दाराने निघून, कडुनिंबाला वळसा घालून, गोठ्यातून. मोजणीत भिमाजी टेलचा निघाला. हे कळताच मालनबाईंनी शेवया दिल्या. तात्यांनी साखळी गल्लीतून फिरवली आणि मालनबाईसुद्धा टेलच्या निघाल्या. कानिफनाथ सरळमार्गी माणूस, त्याने काहीच दिले नाही. त्यामुळे टोकाच्या खोलीत राहून तो हेडला, म्हणजे पाटाच्या तोंडाशी आला, आणि त्याची पाळी येईतो टाकीचा तळ दिसू लागला. श्रीरामपूरच्या स्टँडवरून गाडी सुटायची तेव्हा कंडक्टर पारोसाच असायचा.

एकदा मालनबाई ओल्या केसांनी घरात शिरल्या, तर तात्यांनी त्यांना उंबऱ्यातच अडवले.

"आज तुमची पाळी नव्हती. मंग केस वले कसे?"

"अवो, बहिनीकडं न्हाले मी!"

"साक्षीदार?"

बहीण येऊन साक्ष देऊन गेली, तेव्हा कुठे चोरीचा पंचनामा मागे घेतला गेला. तात्यांच्या बायकोने, बनुबाईंनी, हे सगळे भाकरी थापता थापता पाहिले. "पाट सुटला, पन ह्यांचा पाटकरी काय सुटंना," एवढेच त्या बोलल्या.

आबासाहेब घर बघायला रविवारी येणार होते. कानिफनाथने तात्यांचे पाय धरले.

"तात्या, येवढ्या रविवारी न्हाणीघर उघडं ठिवा. माझ्या लग्नाचा सवाल हाय."

"अर्ज दे."

"दिलाय की."

"मंग मंजुरी यील. वाटंत हाय."

मंजुरी द्यायची तात्यांनीच, आणि तात्या तर समोरच बसले होते. तरी ती वाटेतच राहिली.

रविवारी तात्या नुसत्या पंच्यावर, डोक्यापासून पायापर्यंत तेलात निथळत न्हाणीघराकडे निघाले होते. तेवढ्यात आबासाहेब दारात आले. टपावर माणसे बसलेल्या गाडीतून आले होते, पटका धुळीने लाल झाला होता आणि पाय तर ओळखू येत नव्हते. पाहुण्याला पाय धुवायला पाणी देणे आले. कानिफनाथ तांब्या घेऊन धावला.

"तात्या, पाव्हन्यांच्या पायावर पानी—"

"आज पाट बंद हाय," तात्यांच्या तोंडून सवयीने निघाले. "अर्ज हाय का पाव्हन्यांचा? नसंल तर थांबा म्हनावं. पानी वाटंत हाय."

आबासाहेब उंबऱ्यातच थबकले. तेलाने माखलेला उघडा माणूस त्यांना ओळखू आला नव्हता, पण ते वाक्य त्यांनी झोपेतसुद्धा ओळखले असते.

"तुमी सूर्यभान पाटकरी न्हवं?"

तात्यांनी पंचा सावरला. "व्हय... म्हंजे, हुतो."

"आमी टेलचं. दरसाल केळी पोचवली, शेंगा पोचवल्या, तुपाचा गडू पोचवला. समदं तुमच्यापतुर पोचलं, पानी काय माझ्या उसापतुर पोचलं न्हाई!" आबासाहेबांनी वहाणा परत पायात घातल्या. "कानिफराव, तुमी मानूस चांगले हाय. पन जिथं ह्यो मानूस किल्ली घिऊन बसलाय, तितं माझी पोर तान्हेली मरंल. येतो आमी."

कानिफनाथच्या हातातला तांब्या पडला आणि घरंगळत थेट तात्यांच्या पायाशी गेला. त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आले. त्या घरात अर्जाशिवाय आलेले ते पहिलेच पाणी.

भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बनुबाई बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याच्या करगोट्याला हिसडा दिला. तात्यांनी पंचा धरायचा की किल्ली, या विचारात पंचा धरला.

"पाव्हनं," बनुबाई म्हणाल्या, "टेलला पानी आधी, असा कायदा हाय ना? तुमच्याइतक्या टेलचं ह्या घरात कुनी न्हाई. ही घ्या किल्ली. पायच कशाला, चांगली आंघूळ करा."

आबासाहेबांनी किल्लीकडे पाहिले. मग तात्यांकडे पाहिले. मग पटका कानिफनाथच्या हातात दिला, आत गेले आणि आतून कडी लावली.

पाण्याचा पहिला तांब्या पडल्याचा आवाज आला तेव्हा भिमाजी, मालनबाई सगळेच अंगणात येऊन उभे राहिले होते. दुसरा पडला, तिसरा पडला. मग कुणी मोजायच्या भानगडीत पडले नाही. मोरीतून पाणी वाहत गल्लीत गेले, गल्लीतल्या कोंबड्या पळाल्या. आतून आबासाहेबांचा आवाज आला, तो इतका मऊ झाला होता की आधी कुणाला ओळखूच येईना.

"कानिफराव, वैशाखातली तारीख धरू का?"

"धरा की!" कानिफनाथ ओरडला आणि पटका छातीशी घट्ट धरून उभा राहिला.

इकडे तात्यांच्या अंगावर ऊन चढले. तेलावर गल्लीतली धूळ बसली, डोळ्यांत तेल उतरले, आणि कुलपाशिवायचे दार बघायची सवय नसल्याने ते दारापुढे नुसतेच येरझारा घालू लागले. शेवटी त्यांनी हळूच कडी वाजवली.

"आबासायेब, व्हतंय का?"

"अर्ज केलाय का?"

तात्या घरात गेले, भिमाजीने दिलेला केळ्यांचा उरलेला फणा घेऊन आले आणि दारापाशी उभे राहिले. दार किंचित उघडले. एक ओला हात बाहेर आला, केळी आत गेली आणि कडी पुन्हा लागली.

"मंग, माझं पानी?" तात्यांनी हात जोडून विचारले.

आतून केळे खात खात उत्तर आले, "यील, यील. वाटंत हाय."