झ्लातोव्रिनाचा कारकून

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मनोहररावांना एकच दुःख होतं. पेन्शन होती, दोन मोटारींचं गॅरेज होतं, गुडघेसुद्धा नवे होते. पण खापरपणजोबांची गोष्ट ऐकून घेणारं माणूस नव्हतं. पत्नी शैलजाबाईंनी ती चाळीस वर्षांत इतक्यांदा ऐकली होती, की पहिल्याच वाक्याला त्या भांडी घासायला उठत, घरात डिशवॉशर असूनही. आठवीतली नात उर्वी कानातली आयपॉडची बोंडं न काढता म्हणे, "आजोबा, नॉट नाऊ."

२००६च्या फेब्रुवारीत शाळेने चिठ्ठ्या टाकून प्रत्येक मुलाला एकेक परदेशी नगरपालिका वाटून दिली. भूगोल आणि इतिहास, पाच पानं. उर्वीच्या चिठ्ठीत निघाली बाल्कनातली झ्लातोव्रिना. इंटरनेटवर एक फुकटचा ज्ञानकोश होता. ज्याला काही ठाऊक आहे त्याने तिथे लिहावं, आणि ज्याला नाही त्याने तर जरूर लिहावं, अशी सोय होती. त्यात झ्लातोव्रिनाबद्दल एकच ओळ होती: लोकसंख्या १,९१२.

"आय ॲम सो डेड, आजोबा!"

"उद्या परत बघ. ज्ञान रोज वाढतं, बाळा."

त्या दुपारी मनोहररावांनी ते वाढवलं. उत्तरेला डोंगर, दक्षिणेलाही डोंगर, मधून नदी. नदीला पाणी फक्त निवडणुकीपुरतं. मग इतिहास. १६८९ साली तुर्की घोडदळ गाव लुटायला आलं. कचेरीच्या दारातल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "लुटीचा अर्ज तीन प्रतींत द्या. साहेब जेवायला गेलेत." फौज रांगेत उभी राहिली. चौथ्या दिवशी कारकुनाने अर्ज परत केला. कारण, घोड्यांची संख्या अक्षरी लिहिलेली नव्हती. फौज रडत माघारी गेली.

उर्वीने ते बोंडं काढून वाचलं. दोनदा. "ऑसम! ही रिअली डिड दॅट?"

मनोहररावांचे डोळे भरून आले. "मग! होताच तो तसा."

शिक्षिकेने दुसरा पुरावा मागितला. तो महिन्याभरात आपोआप तयार झाला. झ्लातोव्रिना नगरपालिकेने आपली वेबसाइट काढली आणि इतिहास ज्ञानकोशातून उतरवून घेतला. ज्ञानकोशाने ताबडतोब तळटीप दिली: पाहा, नगरपालिकेची वेबसाइट. उर्वीला ए प्लस मिळाला. पुढच्या वर्षी तिकडे चौकात कारकुनाचा पुतळा बसला, आणि त्याच्या स्मरणार्थ सगळ्या कचेऱ्या जेवणासाठी चार-चार दिवस बंद राहू लागल्या. शेजारच्या पालिकेने 'कारकून मूळचा आमचा' म्हणून दावा ठोकला. नव्वदीच्या एका म्हातारीने टीव्हीवर सांगितलं, की परत आलेला तो अर्ज तिच्या आजीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

पुतळ्याचा फोटो पाहून मात्र मनोहररावांना राहवेना. त्यांनी ज्ञानकोशात लिहिलं: 'सदर कारकून म्हणजे आमचे खापरपणजोबा एकनाथपंत. फौज पेंढाऱ्यांची. कचेरी आमच्या तालुक्याची. बाकी मजकूर बरोबर.'

चार मिनिटांत उत्तर आलं: 'मजकूर काढला आहे. पुरावा नाही. आपण या विषयाचे जाणकार दिसत नाही.'

ते तडक उर्वीकडे गेले. "अगं, ती गोष्ट आपली आहे! आपल्या घरातली!"

तिने न सांगता बोंडं काढली. जन्मात पहिल्यांदा एकनाथपंतांची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मग आजोबांच्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आजोबा, दॅट्स प्लेजरिझम. त्या बिचाऱ्यांकडे एकच हीरो आहे, यार."

शैलजाबाई आतून ओरडल्या, "ऐकली ना शेवटी कुणीतरी? मग आता जेवायला या!"

मनोहरराव जेवायला गेले. आपण मात्र त्यांच्यासाठी हळहळत बसलो, एकनाथपंत खरे कशावरून हे न विचारता. पुरावा नको, निदान साल तरी मागायचं! घ्या: १८०४. आता कसं, अगदी खरं वाटतंय ना?