दहावीच्या मापाचा ड्रम

भाऊंचं एक तत्त्व होतं. माप घ्यायचं ते आजचं नाही, उद्याचं! "मूल वाढतं, वस्तू वाढत नाही," असं ते ठासून सांगत, आणि पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाने ठासून सांगितलं की भिवंडीत सहसा कुणी वाद घालत नाही. त्यांच्या मुलाने, केदारने, पाचवीत घेतलेल्या रेनकोटावर बारावीपर्यंतचे सगळे पावसाळे काढले. पाचवीत तो शाळेला निघाला की लोकांना वाटायचं, कुणाचातरी वाळत घातलेला रेनकोट उडून चाललाय!

सुमतीबाईंना हे तत्त्व लग्नाच्या दिवशीच कळलं. नवरदेवाच्या कोटाच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. "येईल हळूहळू अंगाला," भाऊ हळूच म्हणाले. त्याला आता त्रेचाळीस वर्षं झाली. कोट अजून वाट बघतोय.

तर अशा या भाऊंची नात ईरा. इयत्ता चौथी, वर्गात सगळ्यात बुटकी. गेल्या स्नेहसंमेलनात तिला कासवाचं काम मिळालं होतं. बिचारीने पंधरा मिनिटं पाठीवर पुठ्ठ्याचं कवच घेऊन रंगमंचभर सरपटून दाखवलं. फोटो आले, तर सगळ्या फोटोंत एक छान रंगवलेला पुठ्ठा! ईरा कुठेच नाही.

म्हणून यंदा तिने जाहीर केलं, "आजोबा, यंदा मी ड्रम वाजवणार. आणि यंदा मी दिसणार!"

ताल तिच्या अंगातच होता. ताट, डबा, आजोबांची पाठ, काही म्हणता काही सोडत नसे. जवळच्या कोन गावातल्या सुमितकडे ती वर्षभर शिकतही होती. सुमित एका वाद्यपथकात ड्रम वाजवायचा आणि कल्याण रस्त्यावर त्याचा वाद्यांचा गाळा होता. मुख्य म्हणजे तो भाऊंचा जुना विद्यार्थी.

संमेलनाला आठ दिवस राहिले तेव्हा भाऊ छाती काढून त्याच्या गाळ्यात शिरले. "सुमित, ड्रमसेट दे. पण बेस ड्रमचं माप मी ठरवणार."

बेस ड्रम म्हणजे जमिनीवर आडवा ठेवलेला मोठा ढोल. तो हाताने नाही, पायाने पेडल दाबून वाजवतात. बाकीचे छोटे ड्रम त्याच्याच डोक्यावर बसवतात. थोडक्यात, घरात जसे आजोबा, तसा सेटमध्ये बेस ड्रम.

"सर, ईरासाठी अठरा इंची बास हाय," सुमित म्हणाला.

"आज बास आहे. उद्याचं काय?" भाऊंनी खिशातून खडू काढला. हो, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी खिशात खडू असायचाच! गाळ्याच्या शटरवर त्यांनी त्रैराशिक मांडलं. "चार फुटी ईराला अठरा इंची ड्रम, तर दहावीतल्या साडेपाच फुटी ईराला किती?"

सुमितने सवयीने मान खाली घातली.

"पावणेपंचवीस इंच!" भाऊंनी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

"सर, सगळ्यात मोठा चोवीसचा हाय. पण तो मोठ्या मानसाचा. पोरगी मागं दिसायची न्हाय."

"तुला गणितात किती होते रे दहावीला?"

"छत्तीस, सर."

"मग? चोवीस बांध. पाऊण इंच मी सोडून देतो."

येताना त्याच तत्त्वाने ईराचे संमेलनासाठीचे पांढरे बूटही घेतले गेले. दुकानदाराने नंबर विचारला, भाऊंनी इयत्ता सांगितली.

टेम्पोवाल्या केसरीनाथने ड्रमसेट दारात उतरवला. सुमतीबाईंनी आधी ड्रमकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, ही पाण्याची टाकी कशाला आणलीत?"

"टाकी नाही, बेस ड्रम. दहावीपर्यंत बघायला नको."

"आणि दहावीत ती साडेपाच फूट होणार, हे कुणी सांगितलं? तुम्ही स्वतः पाच फूट दोन इंच आहात!"

भाऊंना एकदम सेट जोडायची घाई झाली.

जोडून झाला आणि ईरा मागे जाऊन बसली. म्हणजे गेली, एवढं सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर दिसत होती ती फक्त लाल रिबीन.

"ईरा, बसलीस का?"

"बसले!" ड्रमच्या पलीकडून आवाज आला. "आजोबा, तुम्ही कुठे आहात?"

"वाजव आता!"

धडाम!

फळीवरचे डबे एकमेकांवर आदळले. पंख्यावरची धूळ सुमतीबाईंच्या चहात उतरली. दुसऱ्याच मिनिटाला दार वाजलं. खालचे इसरारभाई लुंगी सावरत उभे. रात्रपाळीला कापडाचा लूम चालवून ते दिवसा झोपत.

"मास्टरजी, खैरियत? सिलिंडर फटा क्या?"

"नही नही, इसरारभाई! नात ड्रम बजाती है."

"अल्ला! बीस साल से लूम की खडखड में आराम से सोता हूँ," इसरारभाई कळवळून म्हणाले. "घर में पंखा बंद होता है तो नींद टूटती है मेरी! लेकिन ये तो सीधा कलेजे में लगता है, मास्टरजी!"

पण माणूस सज्जन. तासाभराने लूमवरच्या तुटक्या सुताचं आणि चिंध्यांचं एक पोतंच घेऊन आले. "इसके पेट में भर दो. आवाज बैठ जाएगा."

भाऊंनी पोतं ड्रमच्या पोटात रिकामं केलं. चोवीस इंची पोट ते, त्याला पोतं म्हणजे नाश्ता! मग दोन उशा गेल्या. मग एक गोधडी गेली. शेवटी भाऊंनी कपाटातून लग्नातला कोट काढला.

"बघ," ते सुमतीबाईंना म्हणाले, "म्हटलं नव्हतं, कधीतरी उपयोगी पडेल?"

"पडला खरा," सुमतीबाई म्हणाल्या. "अंगाला नाही आला, पण ड्रमला आला!" पोत्याच्या तळाशी चिकटून राहिलेल्या मूठभर चिंध्या त्यांनी ईराच्या ढगळ बुटांच्या टोकात कोंबल्या.

आवाज बसला. राहिला प्रश्न ईराच्या दिसण्याचा. आणि इथे भाऊंमधला शिक्षक जागा झाला. कारण प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतंच, नाही का? फक्त त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो, हे ते मुलांना सांगायचे विसरत.

ईरा दिसत नाही? तिच्या स्टुलाखाली दोन पाट ठेवले. ईरा गळ्यापर्यंत दिसली! पण आता पाय पेडलला पोचेना. पाय पोचत नाही? भाऊंनी ट्रंकेतून शाळेतलं जुनं लाकडी डस्टर काढलं आणि सुतळीने तिच्या तळव्याखाली बांधलं. पाय पोचला! पण प्रत्येक ठोक्याला पस्तीस वर्षांची खडूची भुकटी फुस्सकन उडायला लागली. ईरा वाजवत होती, शिंकत होती, पुन्हा वाजवत होती. वरून पाय टाकल्यामुळे जोर इतका बसे, की ड्रम ठोक्यागणिक वीतभर पुढे सरके. ईरा स्टूल ओढत त्याच्या मागे!

"अहो, ड्रम स्वयंपाकघरात आला!" सुमतीबाई ओरडल्या. "याला काय चहा देऊ?"

भाऊंनी ड्रमपुढे तांदळाची गोण लावली आणि हात झटकले. "झालं! बसला की नाही मेळ?"

शाळेत रंगीत तालीम होती संमेलनाच्या आदल्या दिवशी सकाळी. पाट, डस्टर, गोण, सगळी वरात सभागृहात पोचली. मुख्याध्यापिका ललिताबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पण रंगमंचावर पाट डुगडुगायला लागले, तेव्हा बाईंनी ते काढायलाच लावले. "भाऊ, मूल पडलं तर?" भाऊंनी निमूट पाट उचलले.

ईरा पुन्हा ड्रममागे बुडाली. तरी बिचारीने वाजवलं. अगदी चोख वाजवलं! भाऊ ताठ मानेने बाईंकडे वळले.

"छान!" बाई म्हणाल्या. "रेकॉर्डिंग अगदी स्पष्ट आहे. आता वादक कधी येणार?"

"वादक... वाजवतोय की, बाई."

"कुठे?"

ड्रममागून एक हात वर आला. हातात काठी. "उपस्थित, बाई!"

सभागृह खदखदून हसलं. बाईही हसल्या. भाऊसुद्धा हसणार होते, पण तेवढ्यात ईरा ड्रमच्या कडेने बाहेर आली. पायाला डस्टर, नाकावर खडूची भुकटी. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. तिने आजोबांचा सदरा ओढला आणि अगदी हिशोबी आवाजात विचारलं,

"आजोबा, म्हणजे मी दहावीत दिसेन ना?"

पस्तीस वर्षांत हजारो पोरांनी भाऊंना प्रश्न विचारले होते. एकाही प्रश्नाला त्यांना असा चष्मा पुसावा लागला नव्हता.

सगळी वरात घरी परत आणून दुपारी ते पुन्हा कोनला, सुमितच्या गाळ्यात. शटरवरचं त्रैराशिक अजून तसंच होतं. भाऊंनी ते बाहीने पुसायला सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या सर," सुमित म्हणाला. "गणित बरोबर हाय तुमचं. पोरगी तेवढी चुकली. चौथीतच हाय अजून!"

"टोमणे नंतर मार. अठरा इंची दे."

"तो कालच अंबाडीला गेला, एका पथकाकडं. परवा येल."

भाऊंनी बाकावर बसून बोटं मोजली. संमेलन उद्या!

सुमितने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली. "चला सर. छत्तीस मार्कांत काय बसतंय ते बघू."

घरी येऊन त्याने टेप मागितली नाही, खडू मागितला नाही. आधी ईराला अनवाणी स्टुलावर बसवलं. स्टूल खाली घेत घेत तिची पावलं जमिनीवर सपाट टेकवली. मग तिच्या समोर चार पावलं लांब जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ईरा, माझ्याकडं बघ. दिसतोय मी? मला पण तू दिसत्येस. आता हिच्या नि माझ्या नजरंखाली जेवढी जागा ऱ्हाते ना सर, तेवढा ड्रम. आधी पोरगी बसवायची, मग ड्रम."

मग सेटमधला सोळा इंची ड्रम, जो तीन पायांवर बाजूला उभा असतो, तो त्याने उचलला, पाय काढले आणि आडवा केला. खाली दोन लाकडी टेकू, पुढे पेडल. ईराने पाय दाबला.

धुम्!

गोड, गोल, नेमका. आणि त्याच्यावर ईराचा अख्खा चेहरा! सगळे दात दाखवत!

भाऊंनी तो सोळा इंची ड्रम सगळ्या बाजूंनी फिरून पाहिला. तो पहिल्या दिवसापासून घरातच होता. त्यांनी त्यावर वर्तमानपत्रं ठेवली होती.

"सुमित," ते खाकरून म्हणाले, "आज मी तुला शंभर देतो. पैकीच्या पैकी."

"उशीर झाला सर. मार्कशीट लॅमिनेट केलीय!" सुमित हसला.

"ड्रम फक्त घुमतोय जरा," तो पेडल दाबत म्हणाला. "मूठभर चिंध्या टाका आत."

भाऊंना हे काम मनापासून करायचं होतं. चोवीस इंचीचं पोट कोण उसवत बसणार? समोरच ईराचे पांढरे बूट दिसले. भाऊंनी त्यांच्या टोकातल्या चिंध्या भराभर उपसल्या आणि सोळा इंचीत कोंबल्या. किती नेमक्या बसल्या!

दुसऱ्या दिवशी पडदा उघडण्याआधी ईरा कुजबुजली, "आजोबा, उजवा बूट निघतोय."

"नाडी घट्ट आवळ. जा!"

पडदा उघडला. ईरा दिसली! रिबिनीपासून पायापर्यंत दिसली. केदार उभा राहून फोटो काढत होता, सुमतीबाई शेजारणीला कोपर मारून दाखवत होत्या. सुट्टी टाकून आलेले इसरारभाई "वाह, बिटिया!" म्हणत होते. सुमित मागे उभा राहून मांडीवर ताल धरत होता. भाऊंचा चष्मा पुन्हा धुरकट झाला. पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत प्रमुख पाहुणे महादूशेठ बसले होते. राहनाळला त्यांची सात गोदामं. भाषण आटोपल्यावर ते हार गळ्यात ठेवूनच पेंगत होते.

वाजवता वाजवता शेवट आला. ईराने हात उंच नेऊन झांज वाजवली, उजवा पाय वर घेतला आणि सगळा जीव ओतून शेवटचा ठोका हाणला. ठोका पेडलवर बसला. बूट बसला नाही! तो पायातून सुटला, ड्रमवरून उडाला, दिव्यांच्या उजेडात एक सुंदर गिरकी घेतली आणि थेट महादूशेठच्या मांडीत येऊन उतरला.

शेठ दचकून जागे झाले आणि समोर काय चाललंय ते न कळल्याने जोरजोरात टाळ्या वाजवत उभे राहिले. पाहुणे उभे राहिले म्हणून अख्खं सभागृह उभं राहिलं! रंगमंचावर ईरा एका बुटावर आणि एका मोज्यावर उभी राहून वाकून वाकून नमस्कार करत होती. असं दिसणं त्या शाळेत आजवर कुणी दिसलं नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर शेठ खाली बसले. त्यांनी मांडीतला बूट उचलला. सात गोदामांचा मालक माणूस तो, मालाचं माप त्याच्या नजरेत! त्यांनी बूट आतून पाहिला, नंबर वाचला. मग रंगमंचावरचा इवलासा मोजा पाहिला. पुन्हा बूट पाहिला.

"गुरुजी, ही पोरगी तुमचीच ना?"

"नात माझी," भाऊ अभिमानाने म्हणाले.

"मग हा बूट कुणाचा?"

मागच्या रांगेतून सुमतीबाईंचं खाकरणं ऐकू आलं. भाऊंनी हळूच हात पुढे करून बूट घेतला आणि धोतराच्या सोग्याखाली लपवला.

"तिचाच आहे," ते पुटपुटले. "सातवीतला."