सबनीसकाका आणि पाच नाग

सबनीसकाका कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी भिंतीला भेटायचे. बोटाने टकटक करून कान लावायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "आतून सुटलीय."

पंचवीस वर्षं त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांत काढली होती. भिक्षूंच्या त्या विहारांतला रंगवलेला गिलावा खडकापासून सुटू लागला, की सुईने आत डिंकासारखं काहीतरी भरायचं आणि तळहाताने दाबून धरायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर ते वाशीला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आले, एकटेच. बायको आधीच गेली होती.

सोसायटीच्या मीटिंगला ते हात वर करायचे. "दहाच जण आत बसा. श्वासाने भिंत ओल धरते."

"काका, परवाच डिस्टेंपर मारलाय!" सेक्रेटरी वैतागायचे.

"म्हणजे अजून तान्ही आहे ती."

आम्ही हसायचो.

माझ्या आईने आमच्या स्वयंपाकघरात नागपंचमीला गेरूने पाच नाग काढले होते. त्याच दिवाळीत ती गेली. मी ते कुणाला पुसू दिले नाहीत. पुढच्या आषाढात भिंत फुगली. "टेन्शन घेऊ नकोस, नवा गिलावा करून घेऊ," आमचे हे म्हणाले. मी सरळ काकांचं दार वाजवलं.

वाटलं होतं, अजिंठा पाहिलेला माणूस, हसेल. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"कुणाचा हात?"

"आईचा."

"शेपूट एका दमात ओढलंय. कुठे अडखळली नाही बाई."

चार दिवस ते पाटावर बसून सुईने भिंत भरत होते. चहा विचारला, तर "वाफ नको." नाग वाचले, एकाचा फणा तेवढा गेला. "मी रंगवू का तो?" मी विचारलं.

"नको, वहिनी. गेलं ते गेलेलं दिसू दे. आपण त्यात भर घालायची नाही."

मग सुई पुसता पुसता म्हणाले, "आमची हीसुद्धा काढायची, दर पंचमीला. मी लेण्यात. रजा मिळून घरी येईपर्यंत तिने भिंतीला चुना दिलेला असायचा. मी एकही पाहिला नाही. कसे काढतेस, हेही कधी विचारलं नाही."



पंधरा दिवसांनी पंचमी आली. मी काकांना सकाळीच बोलावलं आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या भिंतीवर नाग काढले. ते गेरूची वाटी धरून उभे होते. पानं वाढली, पुरणाची दिंडं निवायला लागली, तरी काका हलेनात.

"तुम्ही बसा, वहिनी," ते म्हणाले. "हे वाळेपर्यंत मी थांबतो."