दोन आफ्रिकन मुंगसांमधील फरक

शेवगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या काचेच्या कपाटात पेंढा भरलेली दोन मुंगसं होती. दोन्ही आफ्रिकेची, शेपूट सोडून वीतभर. तिकडे नोकरी करून आलेल्या एका पाद्रीसाहेबांनी ती शाळेला दिली होती. नोंदवहीप्रमाणे एक 'बुटकं मुंगूस' आणि दुसरं 'सोमाली बुटकं मुंगूस' होतं.

बहात्तरच्या दुष्काळात उंदरांनाही खायला काही उरलं नाही. त्यांनी कपाटात शिरून, मुंगसांच्या पायांशी खळीने चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठ्या खाल्ल्या. मुंगसांनी हरकत घेतली नाही.

तपासणी आठ दिवसांवर आली होती. कपाटाची किल्ली हंगामी शिपाई दीनाकडे असे. म्हणून मुख्याध्यापक गहिनीनाथ सरांनी फर्मान काढलं, की योग्य चिठ्ठी योग्य मुंगसाला लागेपर्यंत दीनाच्या कायम नेमणुकीचा कागद पुढे जाणार नाही. दीना चार वर्षं त्या कागदाची वाट पाहत होता.

मी विज्ञान शिकवत असे. मी पुस्तक पाहिलं. सोमाली मुंगसाची लव जरा लांब असते. बाकी फरक दातांत. लव कसरीने केव्हाच संपवली होती आणि तोंडं शिवलेली होती. मी तसं लेखी कळवलं. 'अहवाल नकारार्थी असल्याने स्वीकारता येत नाही' असा शेरा घेऊन तो परत आला.

तपासणीला आलेल्या साहेबांनी मुंगसं टेबलावर मागवली.

"यातलं सोमाली कोणतं?"

"हे," गहिनीनाथ सरांनी एकावर बोट ठेवलं. "चेहरा जरा सोशिक आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. "खरंच की! आणि दुसरं ऐटबाज वाटतं."

चित्रकलेच्या केशरबाईंना शेपटीतही फरक जाणवला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

नव्या चिठ्ठ्या घेऊन दीना उभा होता. साहेबांनी प्रेमाने विचारलं, "दिसला ना फरक?"

"न्हाई सायेब. मला दोनी सारकीच दिसत्यात."

साहेबांनी शेरा लिहिला: 'शिपायास दृष्टिदोष संभवतो. नेमणुकीपूर्वी डोळे तपासावेत.'

बाहेर दीनाने मला गाठलं. "गुरुजी, तुमाला खरंच दिसला का वो?"

घंटेची वेळ झाल्याचं मी त्याच्या लक्षात आणून दिलं. त्याची मला अजून लाज वाटते.

दीना डोळे तपासून आला. दाखला स्वच्छ होता: नजर उत्तम. नजर उत्तम असूनही फरक दिसत नाही, म्हणजे हा उद्धटपणाच, असं सरांनी त्याच्या कागदावर लिहिलं.

कपाट अजून तिथेच आहे आणि हंगामी दीना त्याची काच रोज लखलखीत पुसतो. येणाऱ्या प्रत्येकाला फरक दिसतो. तुम्हीही एकदा या. तुम्हाला तर दाराशीच दिसेल. नोकरी आहे ना तुम्हाला?