अडवलेल्या धावांचं वजन

पाणीपुरवठा खात्याच्या विभागीय कार्यालयात कर्मचाऱ्यांचं मनोबल खालावलं असल्याचं वार्षिक पाहणीत आढळून आलं, तेव्हा ते उंचावण्यासाठी एखादा खेळ सुरू करावा, असा आदेश वरून आला. कार्यालयाला मैदान नव्हतं, म्हणून संगणकावरचा खेळ ठरला. पक्षपाताला वाव राहू नये म्हणून कार्यालयात एकालाही न येणारा खेळ निवडायचा, असंही ठरलं. अशा रीतीने बेसबॉलची निवड एकमताने झाली.

आठ कर्मचाऱ्यांचे आठ संघ झाले. खेळाडू सगळे संगणकाच्या पोटातले, हाडामांसाचा एकही नाही. प्रत्येकापुढे दोन आकडे असत. एक फटक्याचा, म्हणजे गडी धावा किती काढेल. दुसरा अडवणुकीचा, म्हणजे समोरच्याच्या धावा किती रोखेल. तीन गडी बाद झाले की एका बाजूची पाळी संपे, आणि अशा नऊ फेऱ्यांचा सामना. जेवणाच्या सुट्टीत संगणकवाल्या ताई कळ दाबत आणि पाच मिनिटांत निकाल पडद्यावर येई. अडवणुकीचा खात्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. तरीही खेळाडू निवडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांची झुंबड फटकेबाजांवरच उडाली. मोठ्या साहेबांनी पहिले नऊ फटकेबाज आपल्या संघात घेतले. पहिली निवड साहेबांची असावी, हा नियम साहेबांनीच केला होता.

उरलेसुरले अडवणारे सगळे कानसेनच्या वाट्याला आले, आणि खरं सांगायचं तर त्याला तेच हवे होते.

कानसेन हे त्याचं ऑफिसातलं टोपणनाव. हुद्दा गळती तपासनीसाचा. रोज सकाळी पाच फुटी लोखंडी कांडी घेऊन तो रस्ते हिंडे. कांडीचं एक टोक झडपेवर टेकवी, दुसरं कानाला लावी आणि डोळे मिटून उभा राही. मोठा नळ एकाएकी फुटत नाही, आधी महिनाभर कुजबुजतो, असं त्याचं म्हणणं. ती कुजबुज ऐकून तो खडूने फुली मारी, दुसऱ्या दिवशी माणसं येऊन तेवढंच खणत आणि सांधा बदलून जात. एकोणीस वर्षांत त्याच्या हद्दीत मोठा नळ एकदाही फुटला नव्हता. त्यामुळे त्याच्या गोपनीय अहवालात ‘उल्लेखनीय कामगिरी’ या रकान्यात हेडक्लार्क दरसाल एकच शब्द लिहीत आले होते: निरंक. घडलंच काही नाही, तर लिहायचं काय, असं त्यांनी त्याला एकदा समजावूनही सांगितलं होतं, आणि त्याला ते पटलंही होतं.

त्याचा संघ एक-शून्य, दोन-एक असे सामने जिंकू लागला. लोकांना ते बघताना जांभया येत. साहेबांचा संघ चौदा-चौदा, पंधरा-पंधरा धावा कुटत असे आणि त्या दिवशी सूचना फलकावर निकाल झळके. होता होता दोघे अंतिम सामन्यात समोरासमोर आले. साहेबांनी मुख्य कार्यालयातले दोन पाहुणे बोलावले, खुर्च्यांना नवे अभ्रे घातले, आणि त्यांचा संघ एक-शून्यने हरला.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी कानसेनला आत बोलावलं. आवाज चढवला नाही. हे कसं झालं, एवढंच विचारलं.

“साहेब, काढलेली धाव आणि अडवलेली धाव, दोन्हींचं वजन सारखंच,” कानसेन म्हणाला. “तुमच्या नऊ धावा माझ्या गड्यांनी अडवल्या.”

“मग त्या नऊ धावा कुठे आहेत? दाखवा.”

कानसेनने पडद्याकडे पाहिलं. तिथे शून्य होतं.

“त्या झाल्याच नाहीत, साहेब.”

“मग मोजल्या कशा?”

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी त्याच संध्याकाळी ‘अडवणूक भारांक निश्चिती समिती’ स्थापन झाली. हेडक्लार्क अध्यक्ष होते, आणि हरलेल्या संघांचे दोन मालक सदस्य. समितीने सहा आठवडे खल करून चौऱ्याऐंशी पानांचा अहवाल दिला. न घडलेल्या घटनेची आवक नोंद नसते, जावक नोंद नसते, तिच्यावर कुणाची सही नसते, सबब ती घटना ग्राह्य धरता येत नाही, हे त्याचं सार. संगणकात फटका आणि अडवणूक यांचं वजन आजवर निम्मं-निम्मं होतं. ते नव्वद आणि दहा करावं, अशी शिफारस होती. साहेबांनी हिशेबाला सोपं जावं म्हणून शंभर आणि शून्य केलं.

नव्या नियमाने अंतिम सामना पुन्हा खेळवला. साहेबांच्या संघाची पाळी आधी होती. अडवणूक शून्य झाल्यामुळे, आणि चेंडू टाकणाऱ्याचं कसबही तिच्यातच मोडत असल्यामुळे, कुणी बाद होईना. जेवणाची सुट्टी संपली तेव्हा साहेबांच्या सातशे बारा धावा झाल्या होत्या. संध्याकाळपर्यंत चार हजार. पहिलीच पाळी चालू. तीन गडी बाद झाल्याशिवाय पाळी संपत नाही, आणि पाळी संपल्याशिवाय संगणक बंद करू नये, असं नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं. ताईंनी भीत भीत सांगितलं की नागरिकांच्या तक्रारीही याच संगणकावर नोंदवतात. साहेब म्हणाले, थोडी कळ काढा.

कळ काढण्यात महिना गेला. महिनाभर एकही तक्रार नोंदवली गेली नाही. महिनाअखेरचा ‘प्राप्त तक्रारी: शून्य’ असा तक्ता वर गेला आणि उलट टपाली अभिनंदनाचं पत्र आलं, असा विभाग आजवर झाला नाही, असं. साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं, आणि आपला सिद्धान्त खेळापुरता नाही अशी त्यांची खात्रीच पटली. त्यांनी सगळ्या हुद्द्यांना तोच भारांक लावला. गळती तपासनीसाच्या नावापुढे एकोणीस निरंक होते. कांडी भांडारात जमा झाली, आणि कानसेनला साहेबांच्या धावा वहीत उतरवण्याच्या कामावर बसवलं.

तो निमूटपणे धावा लिहू लागला. पण एकोणीस वर्षांचे कान भांडारात जमा करता येत नाहीत. एका सकाळी ऑफिसला येताना उतारावरच्या प्रसूतिगृहापाशी त्याची पावलं थबकली. झडपेच्या झाकणाखाली काहीतरी कुजबुजत होतं. तो सरळ साहेबांकडे गेला.

“साहेब, उतारावरचा नळ फुटेल. आठवडाही काढणार नाही.”

“फुटलाय का?”

“अजून नाही.”

“मग फुटल्यावर या,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी धावसंख्या विचारली. सहा लाखांवर गेल्या होत्या.

घरी तो अर्ध्या ताटावरून उठला. बायकोने कारण काढून घेतलं. ती प्रसूतिगृहाच्या चादरी आणि झबली शिवायची, तिथल्या मेट्रनबाईंशी तिची चांगली ओळख. “अहो, साहेबांना नाही ऐकायचं तर नका ऐकवू,” ती म्हणाली. “ज्यांना रोज ऐकायची सवय आहे, त्यांना ऐकवू.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं मेट्रनबाईंपुढे उभी राहिली. बाईंनी आधी खात्याचं पत्र मागितलं. ते नव्हतं. कांडीही नव्हती. तेव्हा कानसेनने त्यांच्या गळ्यातल्या नळीकडे बोट दाखवलं. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बाहेर आल्या, रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या आणि पोटातल्या बाळांचे ठोके ऐकायची ती नळी झडपेवर ठेवली. येणारेजाणारे बघत होते. बाईंनी बराच वेळ ऐकलं. मग उठून पदराने हात पुसले.

“दिवस भरलेत हिचे,” त्या म्हणाल्या.

दुपारच्या आत तळमजल्यावरच्या अकरा बाळंतिणी आणि अकरा बाळं वरच्या मजल्यावर गेली. कानसेन आणि त्याची बायको उताराखालच्या गल्लीत दारोदार फिरली, सामान वर घ्या म्हणून विनवत. काहींनी ऐकलं. काहींनी ओळखपत्र मागितलं.

नळ फुटला तो तिसऱ्या दिवशी, भर अकरा वाजता. रस्ता फणसासारखा उकलला. प्रसूतिगृहाच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी शिरलं आणि अकरा रिकाम्या खाटा भिंतीवर आपटत तरंगू लागल्या. पाऊण तासात भोंगे वाजवत खात्याच्या तीन गाड्या आल्या. पहिल्या गाडीत गमबूट घातलेले साहेब होते. तीन दिवस पंप चालले, तीन दिवस फोटो निघाले. ‘तत्पर कारवाईमुळे जीवितहानी निरंक,’ असा अहवाल गेला. मेट्रनबाईंनी एका बातमीदाराला गाठून खरी हकीकत सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली आणि विचारलं, कुणी बुडतानाचा फोटो आहे का? बाई म्हणाल्या, कुणी बुडालंच नाही ना. त्याने वही मिटली.

सत्कार प्रसूतिगृहासमोरच झाला. शाल साहेबांच्या खांद्यावर पडली. कानसेन मागच्या रांगेत बायकोशेजारी उभा होता. वरच्या खिडकीतून एकामागून एक बाळं रडू लागली, तसा तो डोळे मिटून ऐकत राहिला. बायकोने विचारलं, वाईट वाटतंय का? तो म्हणाला, “नाही गं. मोजतोय. अकराही आहेत.”

साहेबांची बढती झाली. जाता जाता त्यांनी लोकशाही मार्गाने एक शेवटचं काम केलं. पुढची व्यवस्था कशी असावी, हे नागरिकांनीच ठरवावं म्हणून घरोघर एक छापील अर्ज पाठवला. पर्याय दोन. पहिला: नळ फुटताच भोंगा वाजवत येणारं पथक. त्यापुढे लाल गाडीचं झकास रंगीत चित्र होतं. दुसरा: नळ फुटू नये म्हणून रोज रस्त्याने हिंडणारा एक माणूस. त्यापुढची चौकट कोरी होती, कारण न घडलेल्या गोष्टीचं चित्र काढता येत नाही. शंभरातल्या एक्क्याण्णव घरांनी गाडीवर खूण केली.

तो अर्ज तुमच्याही घरी आला होता. आठवून बघा. दाराची घंटा वाजली, तुम्ही जरा घाईत होतात, आणि गाडी खरोखरच सुरेख होती.