सांडूअण्णांचा पहिला भाग

आमच्या शेजारच्या सांडूअण्णांनी गेल्या दोन-तीन वर्षांत शंभराच्या वर मालिका पाहिल्या असतील, पण एकाही मालिकेचा दुसरा भाग पाहिलेला नाही.

हल्ली टीव्हीवर ते महिन्याला पैसे भरून बघायचे प्रकार आलेत. त्यात पुष्कळ ठिकाणी पहिला भाग फुकट असतो, गोडी लागावी म्हणून ठेवलेला. माणूस तो बघतो, त्याचा जीव अडकतो आणि तो पैसे भरतो. अण्णांचा जीव अडकत नाही. रोज अकरा वाजता देवपूजा उरकून, धुतलेला सदरा घालून ते टीव्हीपुढं बसतात. एरवी बातम्या लावतात, आठवड्यातून एकदा नव्या मालिकेचा पहिला भाग बघतात. शेवटी कुणी विहिरीत पडलेलं असो की कुणावर पिस्तूल रोखलेलं असो, ते शांतपणे टीव्ही बंद करतात आणि म्हणतात, "तागा कळला."

अण्णा मूळचे सोयगावकडचे. शहागंजात एका कापडाच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांपुढं तागे टाकले. दुकान मालकाचं, पण बायका यायच्या अण्णांकडं. समोर बुरख्यातल्या बाई असल्या की, "खाला, हात लगाके देखो, लेना नक्को." समोर खेड्यातली मंडळी असली की, "बसा हो पाव्हणं, घेऊ नका, नुसतं बघा." त्यांचा एक नियम होता. तागा कधी पुरा उघडायचा नाही. दोन घड्या टाकायच्या, बाकीचं गिऱ्हाइकाला आपोआप कळतं. सगळा उघडला की माणूस त्यात खोटच शोधत बसतो. दुकान सुटलं तरी हा नियम सुटला नाही. टरबूज घेताना अण्णा फोड मागतात, पण टरबूज कापू देत नाहीत. लग्नाला गेले की अक्षता पडल्याबरोबर निघतात. "पुढचं ठाऊक हाय," म्हणतात.

त्यामुळे टीव्हीसाठी आणखी पैसे भरावेत की नाही, हे गल्लीतले लोक अण्णांना विचारतात. अण्णा उलट विचारतात, "घरात बघणारी माणसं किती?" समोरचा सांगतो, चार, पाच. "त्यातली एकत्र बसून बघणारी किती?" यावर माणूस डोकं खाजवायला लागतो. अण्णा म्हणतात, "मग कशाला घेता? एकेकट्यानं बघायला हातात फोन हायच की." पुष्कळ जण ऐकतात आणि घरी जाऊन पैसे भरतात.

आमच्या घरात असे दोन प्रकार आधीच होते. एकावर माझा मुलगा गणेश क्रिकेट बघतो, दुसऱ्यावर माझी सून पूजा रात्री जेवताना काहीतरी बघते. पूजाला तिसरा हवा होता. गणेश म्हणाला, "दोन आहेत तेच बघून होत नाहीत." पूजा म्हणाली, "जे बघायचं ते नेमकं तिसऱ्यावर असतं." मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. मला त्या मालिकांच्या खाली धावणारी अक्षरं वाचवत नाहीत. एक ओळ लागेपर्यंत दुसरी येते. शिवाय मला घरबसल्या फुकट मालिका ऐकायला मिळत होती.

हडको वसाहतीतल्या आमच्या ओळीत दोन घरांना एकच भिंत आहे. पलीकडं अण्णा आणि त्यांच्या बायको, गयाकाकू. साखरेच्या आजारानं काकूंची नजर गेली. उजेड-अंधार तेवढा कळतो. तरी बसून राहायचं त्यांना जमत नाही, म्हणून अख्ख्या गल्लीचा लसूण त्या सोलतात. आम्ही सगळ्याजणी आपापले गड्डे त्यांच्याकडं ठेवून येतो, संध्याकाळी सोललेल्या पाकळ्या घेऊन जातो. कुणाच्या वाटीत कधी एक सालपट सापडलं नाही.

काकू भिंतीला टेकून लसूण सोलतात आणि अण्णा त्यांना मालिका सांगतात. पहिल्या दिवशी पाहिलेली सांगतात. दुसऱ्या दिवसापासून मनानं रचून. अण्णांना वाटायचं, काकूंना हे कळत नाही. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं.

अण्णांच्या मालिका आठ दिवसांत संपायच्या. त्यांच्या मालिकेत खून झाला की पोलिसांना कापडाचा तुकडाच सापडायचा, आणि तो सुती की टेरिकॉटचा यावरून गुन्हेगार पकडला जायचा. श्रीमंत बाई वाईट असली तर तिची साडी नकली जरीची निघायची. कोपऱ्यावरच्या घरातले मास्तर पैसे भरून सगळे भाग बघणारे. ते एकदा अण्णांना म्हणाले, "अण्णा, तो डॉक्टर शेवटी मरतो हो. तुम्ही काकूंना त्याचं लग्न झालं म्हणून सांगितलंत."

"तुमच्या ताग्याला डाग लागला असंल," अण्णा म्हणाले. "आमच्यातला जित्ता हाय."

मग ती लोणचेवाल्याची मालिका आली. एक मोठा लोणच्याचा कारखानदार, त्याची एकुलती एक मुलगी. तिला कारखान्यातला हिशेबनीस आवडतो, बाप चिडतो आणि म्हणतो, "गेलीस तर परत येऊ नको." पोरगी बॅग उचलून जाते. पहिला भाग संपला. भिंतीपलीकडून "तागा कळला" हे शब्द काही आले नाहीत. बराच वेळ टीव्ही नुसता चालू होता.

इथं सांगायला हवं, की अण्णांना मंदा नावाची मुलगी आहे. कॉलेजात बरोबर असलेल्या मुलाशी तिनं लग्न ठरवलं. मुलगा चांगला, पण अण्णांनी सोयगावकडच्या दुसऱ्या स्थळाला शब्द दिला होता. त्या दिवशी मी पाणी भरत होते. अण्णा दारात उभं राहून म्हणाले, "गेलीस तर परत येऊ नको." मंदा बापावर गेलेली. ती परत आली नाही. राहते कुठं, तर देवगाव रंगारीला. दीड-दोन तासांची बस. या गोष्टीला आठ वर्षं झाली. अण्णा कधी तिचं नाव काढत नाहीत, आणि काकूही त्यांच्यासमोर काढत नाहीत.

लोणचेवाल्याची मालिका आठ दिवसांत संपली नाही, पंधरा दिवसांतही नाही. एरवी अण्णा ठसक्यात, दुकानात बोलल्यासारखं सांगायचे. मला पोळ्या लाटताना शब्द न् शब्द ऐकू यायचा. ही मालिका सांगताना मात्र अडखळायचे.

काकू विचारायच्या, "आली का पोरगी घरी?"

"नाय अजून."

"मग बाप काय करतोय?"

"काय करंल? कारखान्यात जातो. येतो."

"रोज तेच?"

"आता तसंच दाखवतेत, तर मी काय करू?"

महिना झाला. मला त्या लोणचेवाल्याचा राग यायला लागला. एवढा मोठा कारखाना, दारात गाडी, आणि माणूस जागचा हलत नाही.

त्याच सुमारास पूजानं कुणाला न विचारता ते तिसरं घेतलं. गणेश दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आमच्या दारात आले. ते कधी कुणाकडं टीव्ही बघायला जात नाहीत. धुतलेला सदरा घातलेला. पूजाची त्या दिवशी सुट्टी होती.

"सूनबाई, तुमी ते नवं घेतलं म्हणं."

पूजाला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती म्हणाली, "एकाच महिन्यासाठी घेतलंय, अण्णा."

"त्याच्यात लोणचेवाला हाय का?"

पूजानं शोधलं. होता. "कुठून लावू?"

"शेवटचा लावा. मधलं राहू द्या."

"अहो, पण मधलं बघितल्याशिवाय कळेल कसं?"

"मधलं ठाऊक हाय," अण्णा म्हणाले.

अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले. मी चहा ठेवला तो त्यांनी घेतला नाही. शेवटच्या भागात लोणचेवाला म्हातारा झालेला होता. तो आपल्या हातानं कैऱ्या कापतो, बरणी भरतो, फडकं बांधतो आणि गाडीत बसून मुलीच्या घरी जातो. जिना चढतो. दारासमोर उभा राहतो. आतून तिचा आवाज येतो. तो बेलवर बोट ठेवतो, आणि पडदा काळा झाला. नावं खाली सरकायला लागली.

"पुढं लावा," अण्णा म्हणाले.

"संपली, अण्णा."

"संपली कशी? त्यानं बेल वाजवली नाय अजून."

पूजानं फोनवर बघून सांगितलं, की दुसरं पर्व पुढच्या वर्षी येणार आहे. तेव्हा कळेल.

अण्णा उठले. मालकानं त्यांना दुकानातून काढलं, तेव्हाही मी त्यांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "चाळीस वर्षं धंद्यात काढली," ते म्हणाले, "पण अर्धी साडी कापून देऊन, पदराला पुढच्या साली या, असं कुणाला म्हणलो नाय. पैसे घेतले ना यांनी? पुरे घेतले ना?" मग एकदम आवाज खाली आला. "मला वाटलं, पैसे भरले की शेवट दाखवत असतील."

चहा तसाच ठेवून ते गेले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भिंतीपलीकडं टीव्ही लागला नाही. मी लाटणं थांबवलं. ऐकू नये हे मला कळत होतं.

"आज काय झालं लोणचेवाल्याचं?" काकूंनी विचारलं.

"गेला तिच्या दारात."

"गेला? मग?"

"उभा हाय."

"बेल वाजवली का?"

"नाय."

"का?"

भिंतीपलीकडं खुर्ची सरकली. मग अण्णा म्हणाले, "त्याला वाटतंय, ती दार लावून घेईल. तोच म्हणला होता ना, परत येऊ नको. आता कोणच्या तोंडानं जावं?"

"तोंड एकच असतं माणसाला, तेच घेऊन जावं," काकू म्हणाल्या. "आन् त्याला म्हणावं, सकाळच्या बसनं जा. दुपारच्या बसला लई गर्दी असती, उभं राहावं लागतं."

लोणचेवाल्याला मोठी गाडी होती. अण्णांनीच सांगितलं होतं, काळ्या काचांची. मी पोळी उलटायची विसरले.

पुढच्या दिवशी सकाळी सातला अण्णांनी मला हाक मारली. पलंगावर त्यांनी एक हिरवी इरकल साडी पसरली होती. पुरी. घडी न् घडी उघडून, पदरापासून शेवटच्या टोकापर्यंत.

"सुमन, जरा नजर टाक," ते म्हणाले. "कुठं खोट हाय का बघ. मला आता बारीक दिसत नाय. तिला लगेच दिसंल, ती लहानपणी दुकानात माझ्या मांडीवर बसायची."

मी वीतवीत करून बघितली. घड्यांच्या जागी रंग थोडा उतरला होता. साडी आजची नव्हती. किती दिवस ठेवलेली, ते मी विचारलं नाही. खोट नाही, असं मी सांगितलं. त्यांनी घडी घातली. असं नीट घडी घालणं मी कुणाचं पाहिलेलं नाही. मग पिशवीत साडी, नारळ आणि काकूंनी सोललेल्या लसणाची एक पुडी घातली आणि ते बसस्टँडकडं निघाले.

दिवसभर मी काकूंजवळ बसले. मला फार बोलता येत नाही, त्यांनाही ते ठाऊक आहे. दुपारी मी कसंबसं विचारलं, "काकू, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? ते मनानं सांगतात म्हणून?"

"पहिल्यापासून," काकू म्हणाल्या. बोटं चालूच होती. "त्यांचं एक हाय, सुमन. माल खपवायचा असला की लई ठसक्यात बोलतेत. डॉक्टर, पोलीस, सगळं ठसक्यात सांगायचे. मी आपली ऐकायची, तेवढाच त्यांचा जीव रमतो. ह्या लोणचेवाल्याला अडखळाया लागले, तवा म्हणलं, हे खरं हाय."

मग त्यांनी सोललेल्या पाकळ्यांत हात फिरवला आणि म्हणाल्या, "तिला लसूण सोलायचा लई कंटाळा."

संध्याकाळी पूजा कामावरून आली. महिना संपायला वेळ होता, पण फोनवर आत्तापासूनच विचारणा आली होती, पुढं चालू ठेवायचं का. गणेश म्हणाला, बंद कर. पूजानं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच कुणी मला विचारत होतं. मी म्हटलं, आपण तिघं मिळून बघणार असलो तर ठेव. दोघं एकमेकांकडं बघायला लागले. अजून काही ठरलेलं नाही.

तेवढ्यात पलीकडची कडी वाजली. अण्णा आले होते. मी स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवला नाही, भांडं हलवलं नाही.

"वाजवली का बेल?" काकूंचा आवाज आला.

"बेल नाय तिच्या दाराला," अण्णा म्हणाले. "कडी हाय."

"मग?"

अण्णा सांगायला लागले. ठसक्यात नाही, अगदी हळू. मधेच थांबत होते, मधेच शब्द शोधत होते. मी भिंतीच्या अगदी जवळ उभी होते, तरी पुढचं एक अक्षर मला कळलं नाही.

मग काकूंचं हसू तेवढं ऐकू आलं.